आईपणाचा खर्च कुणाच्या पगारातून?

आठवड्याला ७० तास काम करा, ९० तास करा, असे सल्ले गेल्या दोन-तीन वर्षांत काही बड्या उद्योजकांनी दिले आणि त्यावर भरपूर चर्चा झाली. तब्येतीचं काय, पगाराचं काय, देशाच्या प्रगतीचं काय, सगळं बोलून झालं. एक साधा प्रश्न मात्र मागेच राहिला. आठवड्याला ७० तास ऑफिसात बसणाऱ्या माणसाच्या घरी भात कोण लावतं? त्याच्या पोराला ताप आला की शाळेतून फोन कुणाला जातो?

उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत त्याचे आकडेही आहेत. ही पाहणी माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात ते मोजते. २०२४ च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. या ८८ मिनिटांत जे पुरुष घरात काडीचंही काम करत नाहीत ते धरलेलेच नाहीत. मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांचं करण्यात बायकांची १३७ मिनिटं जातात, पुरुषांची ७५. आधीची पाहणी २०१९ ची होती. त्यानंतरच्या पाच वर्षांत बायकांचं घरकाम दहा मिनिटांनी कमी झालं. पुरुषांचंही नऊ मिनिटांनी कमी झालं.

याच काळात जास्त बायका कामाला लागल्या. श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के कमावतं काम करत होत्या किंवा शोधत होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४१.७ टक्क्यांवर गेला. त्यातल्या बऱ्याच जणी घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबतात, हेही इथेच सांगायला हवं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि बाळंतपणाच्या रजेचा विषय पुन्हा बोलला जाऊ लागला. की लगेच तोच जुना प्रश्न: बाईनं करिअर करावं की घर सांभाळावं?

माझं म्हणणं असं की हा प्रश्न विचारण्याआधी दोन्ही रस्त्यांची किंमत तपासायला हवी. एका रस्त्यावर टोल लावायचा, दुसऱ्यावर लावायचा नाही, आणि मग गाडी कुठून न्यायची ते तिचं तिनं ठरवलं म्हणायचं, याला निवड म्हणता येत नाही.

मातृत्वदंड म्हणजे काय?

मूल झाल्यावर आईची कमाई, बढती आणि नोकरी मिळण्याची शक्यता घसरते, बापाची घसरत नाही. या फरकाला अर्थशास्त्रात जे नाव आहे, त्याला मराठीत मातृत्वदंड म्हणू.

डेन्मार्कमध्ये सरकारी नोंदी चोख असतात, त्यामुळे तिथल्या अभ्यासकांना हा दंड वर्षानुवर्षांच्या पगारांवरून मोजता आला. पहिलं मूल होईपर्यंत नवरा आणि बायको या दोघांच्या कमाईच्या रेषा सोबत चालतात. मूल झालं की आईची रेषा धाडकन खाली येते आणि पुढे कित्येक वर्षं बापाच्या रेषेला गाठत नाही. दूरच्या पल्ल्याचा फरक सुमारे २० टक्के. बापाची रेषा जशी होती तशीच चालू राहते, जणू घरात काही घडलंच नाही. आणि हा स्वस्त पाळणाघरं आणि भरपूर रजा असलेला देश आहे.

अमेरिकेत २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेच्या काल्पनिक उमेदवारांचे अर्ज लोकांसमोर ठेवले. काही अर्जांत उमेदवार पालक असल्याची खूण होती, काहींत नव्हती. आई असलेल्या उमेदवार बाईला लोकांनी कमी सक्षम ठरवलं, कमी पगार सुचवला. बाप असलेल्या पुरुषाला असा काही फटका बसला नाही. कागदावरची पात्रता एकच होती, बदललं होतं ते वाचणाऱ्याच्या मनातलं चित्र. आपल्याकडे हा प्रयोग करायची गरजही पडत नाही. लग्न झालंय का, पुढचा विचार काय, सासरी कोण कोण असतं, हे प्रश्न मुलाखतीत बायकांना सरळ तोंडावर विचारले जातात.

हावरी नोकरी

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या कामाचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यांनी जुन्या कागदपत्रांतून उभा केला. त्यांचा एक मुद्दा आपल्या घराघराला लागू पडतो. काही नोकऱ्या हावऱ्या असतात. त्यांना तुमचे फक्त आठ तास नको असतात. रात्री दहाचा फोन, रविवारची मीटिंग, उद्या सकाळी बंगलोरला जाशील का, या सगळ्याला हो म्हणणाऱ्याला त्या भरभरून देतात. दुप्पट वेळ देणाऱ्याला दुपटीहून जास्त पैसे मिळतात.

आता घरात मूल आहे म्हणजे दोघांपैकी एकाला तरी संध्याकाळी सहाला घरी असायलाच हवं. दोघांनीही हावरी नोकरी केली तर मुलाकडे कुणी नाही. दोघांनीही साधी नोकरी धरली तर घरात येणारा पैसा बराच कमी होतो. मग जोडपं हिशेब करतं आणि एक जण हावऱ्या नोकरीत जातो, दुसरी घराच्या हाकेला ओ देता येईल अशा नोकरीत. कोण कुठे जाणार, हे सांगायची गरज नाही. यात नवरा दुष्ट असावा लागत नाही, कंपनीनं उघड भेदभाव करावा लागत नाही. हिशेबच तसा मांडलेला असतो.

कामाची रचना बदलली की हा हिशेबही बदलतो. गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचं उदाहरण अभ्यासलं. पूर्वी तिथे स्वतःचं मेडिकल चालवणारा माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत अडकलेला असे आणि ते बहुतेक पुरुषच असत. पुढे मोठ्या साखळी दुकानांत पगारी फार्मासिस्ट आले. गिऱ्हाइकाची सगळी नोंद संगणकावर आल्यामुळे एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो. कमी तास काम केलं तर पगार तेवढ्याच प्रमाणात कमी होतो, त्याहून जास्त नाही. आज तिथे निम्म्याहून जास्त फार्मासिस्ट स्त्रिया आहेत आणि हा पेशा स्त्री-पुरुषांच्या कमाईत सर्वांत कमी तफावत असलेल्यांपैकी एक मानला जातो. बायकांनी जास्त जिद्द धरली म्हणून हे झालं नाही. कामाचा सांगाडाच बदलला.

एका घरातलं गणित

समजा, पुण्याजवळ हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं आहे. दोघं एकाच वर्षी इंजिनियर झालेले. त्याला महिना ८० हजार, तिला ६५ हजार. एवढा फरक का? त्यानं मध्ये दोनदा कंपनी बदलली. तिनं एकदा चांगली संधी नाकारली, कारण ऑफिस पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खराडीला होतं आणि लग्न नुकतंच झालेलं.

बाळ सहा महिन्यांचं होतं. पाळणाघर, संध्याकाळी सांभाळायला येणाऱ्या मावशी, रिक्षा, सगळं धरून २८ हजार. मग घरातली मोठी माणसं समजावतात: "अगं, ६५ मधून २८ गेले, उरले ३७. एवढ्यासाठी जिवाची तगमग कशाला? बाळाकडे बघ." ऐकायला पटतं. तीही दमलेली असते, रात्री झोप नाही, तिलाही पटतं. ती राजीनामा देते. आणि सगळे म्हणतात, निर्णय तिचाच होता हो, कुणी जबरदस्ती नाही केली.

आता याच हिशेबाकडे पुन्हा बघा. २८ हजार फक्त तिच्याच पगारातून का वजा झाले? मूल दोघांचं आहे. घराचं एकूण उत्पन्न १ लाख ४५ हजार. त्यातून २८ गेले तर १ लाख १७ हजार उरतात. ती घरी बसली तर उरतात ८० हजार. कार आणि फ्लॅटचा हप्ता आपण घराच्या एकूण उत्पन्नातून वजा करतो आणि पाळणाघराचा तेवढा आईच्या पगारातून. ही सवय इतकी अंगात मुरलेली आहे की शिकलेल्या, हिशेबी माणसांनाही त्यात काही वावगं दिसत नाही.

दुसरी चूक याहून महाग पडते. हिशेब फक्त या महिन्याचा केला जातो. तिचा पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला असता तर दहा वर्षांनी तो १ लाख ४० हजारांच्या आसपास गेला असता. पाळणाघराचा मोठा खर्च तीन-चार वर्षांचा असतो. म्हणजे चार वर्षांचा खर्च वाचवायला तिनं पुढच्या वीस वर्षांची वाढ, पीएफ, ग्रॅच्युइटी, ओळखी आणि कामातला आत्मविश्वास सोडला. सहा वर्षांनी ती परत येते तेव्हा समोरचा माणूस अर्जातली गॅप बघतो आणि सोडली होती त्याहून खालची जागा देऊ करतो.

तिनं राजीनामा देऊच नये, असं मी म्हणत नाही. पण हिशेब मांडायचाच असेल तर पूर्ण मांडा, आणि दोघांच्या नावावर मांडा.

"पण तिला मनापासून घरीच राहायचं असेल तर?"

तर खुशाल राहावं. मुलाबरोबर पूर्ण वेळ असण्यात सुख आहे, ते सुख हवंसं वाटणाऱ्या बाईला कमी लेखायचा कुणालाच हक्क नाही. स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्या काही जणींनी "नुसती गृहिणी" असं म्हणून घरच्या बायकांना दुखावलं आहे, हे खरं आहे. ती चूकच होती.

मात्र घरी राहणाऱ्या बाईच्या कामाची किंमत आपण धरतो का? २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच आपलं मुख्य काम म्हणून सुमारे १६ कोटी स्त्रियांनी सांगितलं. पुरुष होते ५८ लाखांच्या आसपास. या १६ कोटींच्या कामाला ना पगार, ना पेन्शन, ना सुट्टी, आणि देशाच्या उत्पन्नातही ते मोजलं जात नाही.

एका ठिकाणी मात्र ते मोजलं जातं. गृहिणी अपघातात गेली की नुकसानभरपाईसाठी कोर्टाला तिच्या कामाची किंमत ठरवावी लागते. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत गेलेल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३ हजार रुपये धरलं. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीतल्या एका अपघाताच्या निकालात न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की घरकामाला आर्थिक मोल नाही ही समजूत टाकून द्यायला हवी. बाई जिवंत असेपर्यंत जे काम फुकट, ते ती गेल्यावर रुपयांत मोजलं जातं. मला हे वाचून राग येतो.

तेव्हा घरी राहण्याची निवड खरी व्हायची असेल तर तिच्या नावावर काहीतरी असलं पाहिजे. घर दोघांच्या नावावर, तिच्या नावानं दरमहा गुंतवणूक, आणि परत कामाला जायचं तर दार उघडं. नाहीतर उद्या नवरा गेला, सोडून गेला किंवा हात उचलायला लागला, तर मनापासून घेतलेला निर्णय तिच्या गळ्याशी येतो.

"स्त्रीवादाला आईपण नकोच असतं"

निदान महाराष्ट्राचा इतिहास तरी असं सांगत नाही. समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ते आईपण कधी आणि किती वेळा हे बाईला ठरवता यावं म्हणून. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतानं गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी मातृत्व लाभ कायदा केला. देशातला हा या प्रकारचा पहिला कायदा. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यत्वे सरकारनं उचलला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. आणि बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा जास्त फायदा असतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो, तेव्हा काही वाटा त्यानंही द्यावा, हेही त्यांनी सांगितलं.

म्हणजे मूल ही एकट्या आईची खासगी बाब नाही, तिचा खर्च समाजानं वाटून घ्यायचा, ही मागणी इथे जवळजवळ शंभर वर्षांपासून आहे. आईपण नको असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

"निसर्गानंच बाईला तसं घडवलंय"

गर्भ बाईच वाढवते, बाळंतीण तीच होते, अंगावर तीच पाजते. याबद्दल वाद नाही. शरीर भरून यायला वेळ लागतो, म्हणून आईची रजा वेगळी हवीच. पण डबा भरणं, लशीची तारीख लक्षात ठेवणं, पालकसभेला जाणं, वॉटरबॅगचं झाकण हरवलं की दुसरं आणणं, यासाठी गर्भाशय लागत नाही.

डेन्मार्कच्याच अभ्यासकांनी पुढे मूल दत्तक घेतलेल्या जोडप्यांची कमाई तपासली. तिथे ना गर्भारपण, ना बाळंतपण. तरीही काही वर्षांनी दत्तक आईच्या कमाईतली घट जवळपास जन्मदात्या आईइतकीच निघाली, आणि दत्तक बापाची कमाई जागच्या जागी. दंड शरीरामुळे बसत असता तर असं झालं नसतं.

"रजा वाढवली तर कंपन्या बायकांना घेणारच नाहीत"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

२०१७ मध्ये आपल्याकडे भरपगारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. दोन मुलं हयात असतील तर त्यापुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. जगातल्या अनेक श्रीमंत देशांपेक्षा हे उदार दिसतं. पण पैसे कोण देणार? तर ज्याच्याकडे ती बाई कामाला आहे तो मालक, एकटा, सगळे.

दहा-बारा माणसांचं वर्कशॉप किंवा छोटं ऑफिस असेल तर सहा महिन्यांचा पगार आणि वर बदली माणसाचा पगार, हे ओझं असतंच. असा मालक पुढच्या वेळी पुरुषालाच घेतो, आणि कारण कुणालाच सांगत नाही. ज्या कायद्यानं बाईला संरक्षण द्यायचं, तोच तिला महाग करून ठेवतो. अडचण सरकारलाही दिसली होती: काही आठवड्यांचा पगार मालकांना परत देण्याच्या योजनेवर काम सुरू असल्याचं श्रम मंत्रालयानं २०१८ मध्ये सांगितलं होतं.

याला उत्तर आहे सामाजिक विमा. तो समजायला भिशी आठवा. बारा जणी दर महिन्याला पैसे घालतात आणि जिचा नंबर लागतो तिला रक्कम मिळते. त्या महिन्यात रक्कम तिनं उचलली म्हणून शेजारणीच्या डोक्यावर कर्ज बसत नाही. तसंच सगळ्या मालकांनी, सगळ्या कामगारांनी आणि सरकारनं एका निधीत पैसे घालायचे. मालकाकडे दहा पुरुष असोत की दहा बायका, वर्गणी सारखीच. मग बाईला कामावर घेतल्यानं त्याचं वेगळं नुकसान होत नाही.

असा निधी आपल्याकडे आहेसुद्धा. त्याचं नाव ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, स्त्री असो वा पुरुष. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचे पैसे हा निधी चालवणारं महामंडळ देतं. अडचण पगाराच्या मर्यादेची आहे. २०१७ पासून ती महिना २१ हजार रुपये. त्यावर पगार गेला की बाई या निधीच्या बाहेर आणि भार पुन्हा एकट्या मालकावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० चा करारही हेच सांगतो की या खर्चाचा भार एकेकट्या मालकावर नसावा. बाबासाहेब १९२८ मध्ये जे सांगत होते ते याहून फार वेगळं नव्हतं.

बाबांची रजा

मालकाच्या मनातली भीती अशी की बाई सहा महिने जाईल, पुरुष जाणार नाही. पुरुषही गेला तर? स्वीडननं १९७४ मध्ये आईची रजा बदलून पालकांची रजा केली. आई किंवा बाप, कुणीही घ्या. पहिली वीस वर्षं ती बहुतेक आयांनीच घेतली. मग १९९५ मध्ये एक महिना बापासाठी राखून ठेवला. त्यानं नाही घेतला तर वाया, बायकोला देता येणार नाही. त्यानंतर बाप घरी राहू लागले. पुढे हा काळ वाढवत आता दोघांना प्रत्येकी ९० दिवस राखीव आहेत. नुसती मुभा देऊन पुरुष रजा घेत नाहीत, हा त्यातला धडा.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मूल झालं की १५ दिवस मिळतात. खासगी क्षेत्रासाठी कायद्यात एक दिवसही नाही, नव्या संहितेतही नाही. काही कंपन्या स्वतःहून देतात. केंद्र सरकारची ७३० दिवसांची बालसंगोपन रजा स्त्रियांना मिळते आणि एकट्यानं मूल वाढवणाऱ्या पुरुषांना. बायको असलेल्या बापाला नाही. त्याच्या घरी बाई आहे म्हटल्यावर मूल सांभाळायचा प्रश्न सुटला, असं नियम बनवणाऱ्यांनी धरून टाकलं.

"आजी आहे की!" आणि "मुलांचं काय?"

आजी असते, आणि महाराष्ट्रातली कितीतरी करिअर्स तिच्याच जिवावर उभी आहेत. न्यू जर्सीतल्या लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने जाऊन, परत येऊन बाणेरच्या सुनेकडे रुजू होणाऱ्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण गुडघे दुखत असताना साठीनंतर पुन्हा बिनपगारी पूर्णवेळ काम, हाही खर्चच आहे. तो एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे सरकला एवढंच. सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही मूल असतं. त्याला कोण बघतं, असं कितीजण विचारतात?

मुलांचं म्हणाल तर, २९ देशांतली माहिती तपासणारा एक मोठा अभ्यास आहे. नोकरी करणाऱ्या आयांच्या मुली मोठेपणी नोकरीत असण्याची शक्यता जास्त दिसली, आणि मुलगे घरच्या माणसांचं करण्यात जास्त वेळ देताना दिसले. मोठेपणी किती सुखी आहात, या प्रश्नाच्या उत्तरात फरक सापडला नाही.

फडावरची आई

आतापर्यंत जे लिहिलं ते मुख्यतः पगारी नोकरीचं. आपल्याकडच्या बहुतांश कामकरी बायका असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांना २६ आठवडे हा आकडा कुणी सांगितलेलाही नसतो.

बीडकडची ऊसतोड कामगार जोडपी दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशेबात दोघं मिळून एक. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती दोघांच्या अंगमेहनतीनं फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत पोटात दुखतंय, गर्भपिशवीचा त्रास आहे, सातवा महिना चाललाय, खाडा तो खाडाच. पहाटे अंधारात उठून कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकरी करायच्या, तान्हं पोर फडाच्या कडेला साडीच्या झोळीत ठेवायचं आणि दिवसभर मोळ्या उचलायच्या.

२०१९ मध्ये या भागातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात तपासणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेक जणी ऐन तरुण वयाच्या. कागदावर प्रत्येकीची संमती असेल. पण खाड्याची भीती, उचलीचं ओझं आणि कॅन्सर होईल अशी डॉक्टरांनी घातलेली धास्ती, यांच्यामध्ये सापडलेल्या बाईच्या सहीला मी निवड म्हणणार नाही.

या बायकांसाठी सरकारची मातृवंदना योजना आहे. पहिल्या मुलासाठी ५ हजार रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गर्भवतीला किमान ६ हजार देण्याचं वचन दिलं आहे. हे पैसे सहा महिन्यांच्या मजुरीच्या जवळपासही जात नाहीत.

आज हातात काय आहे

धोरणं बदलतील तेव्हा बदलतील. आज पोटात बाळ असलेल्या बाईला काही गोष्टी पक्क्या माहीत हव्यात, कारण ऑफिसात त्या मुद्दाम सांगितल्या जात नाहीत.

अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालं असेल तर रजेचा हक्क आहे. २६ आठवड्यांपैकी आठ बाळंतपणाआधी घेता येतात. गर्भपात झाला तर सहा आठवडे भरपगारी रजा आहे. तान्हं बाळ दत्तक घेतलं तर १२ आठवडे. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. परत आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या मिळतात, आणि पाळणाघर असेल तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं.

तुम्ही रोजंदारीवर आहात, कंत्राटी आहात, म्हणून हे लागू नाही, असं सांगितलं गेलं तर ऐकून गप्प बसू नका. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्येच त्यांना हा हक्क दिला. आणि २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टर बाईंच्या खटल्यात सांगितलं की रजेच्या मधेच कंत्राटाची मुदत संपली तरी मातृत्वाचे लाभ पूर्ण काळासाठी द्यावेच लागतात. रजेचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या, आणि नकार आला तर तोही लेखी मागा. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करताना हेच कागद लागतात.